भिंतीवरचे ऐंशी शब्द

ऐंशी शब्दांच्या वर कुणी वाचत नाही
उभ्यानं, दुखऱ्या पायांनी.
एकवीस वर्षं माझा धंदा हाच :
दुसऱ्याच्या कामाशेजारी ऐंशी शब्द चिकटवायचे
आणि उजेडातून बाजूला व्हायचं.

आमच्याकडे बाजूला कुणी होत नसे.
आजोबा बेसारिओन कॅमेऱ्यामागे,
बाबा मधोमध, हातात भोंगा.
आई लामारा तेवढी स्टुडिओच्या तळघरात,
पांढरे हातमोजे, गळ्यात फिती, दातांत आणखी एक फीत,
म्हणून तिला कधी उत्तर देता यायचं नाही.
पडद्यावर तिचं नाव यायचं
तेव्हा लोक अजून खुर्च्या शोधत असायचे.

मी पाच वर्षांची. बाबांना रडणारी मुलगी हवी होती.
मला काही रडू येईना.
ते वाकले, कानाशी हळूच म्हणाले,
दारो, मुरिया मोटारीखाली गेला.
मुरिया तेव्हा फाटकाशी ऊन खात पडला होता.

त्या अकरा सेकंदांना परदेशात बक्षीस मिळालं.
पितळी पक्षी आला घरी, काचेच्या कपाटात बसला.
त्याची चोच पुसायचं काम माझ्याकडे.

मग मी सिनेमा धरलाच नाही.
शब्द धरले. कागदाला कुणी कानात खोटं सांगत नाही
असं वाटायचं त्या वयात.
पुढे तिबिलिसीत अंधाराची वर्षं आली,
स्टुडिओतली रिळं चांदीच्या लोभानं कुणीतरी वितळवली.
मी मेणबत्तीशी नाटकांची परीक्षणं लिहायची,
बोटं उघडी ठेवणारे मोजे घालून,
मानधन कधी रोख, कधी किलोभर राजमा.
बाबा म्हणायचे, परीक्षण म्हणजे
दुसऱ्याच्या लग्नात आपलं जेवण मोजणं.

पहिलं प्रदर्शन बंद पडलेल्या मोज्यांच्या कारखान्यात.
पाडलेल्या घरांच्या खिडक्या दोरांनी टांगल्या होत्या.
सतरा माणसं आली,
त्यातली नऊ शेगडीपाशी ऊब घ्यायला.
त्या नवांपैकी एक म्हातारी
एका खिडकीशी बराच वेळ उभी राहिली, मग म्हणाली,
हिची खिट्टी कधीच लागायची नाही.
एवढं अचूक मला आजवर लिहिता आलेलं नाही.

नंतर रिगा, लिस्बन, जाडजूड कॅटलॉग,
आणि वाइनच्या पेल्यामागून ठरलेला प्रश्न :
ओतारची मुलगी ना? मग सिनेमा का नाही?
मी हसायची. हसणं मला न शिकवता येतं.

गेल्या मार्चमध्ये आई गेली.
पलंगाखाली शिवणयंत्राच्या खोक्यात तीन डबे निघाले.
काखेत कळसा; मी मात्र जगभरची तळघरं
टॉर्च घेऊन उपसत फिरले.
झाकण उघडलं तर व्हिनेगरचा भपकारा,
वर तिच्या अक्षरात फक्त : उरलेलं.

खिडकीच्या काचेवर फीत धरली, भिंग लावलं.
मीच. तोंड वाकडं करून रडणारी.
अकरा सेकंद संपतात, तिथं कापल्याची खूण,
आणि त्याच्यापुढे, जे कुणी पाहिलं नाही ते :
डावीकडून चौकटीत एक हात येतो.
पांढरा हातमोजा.
मग खांदा, गळ्यातल्या फितींसकट.
तळघरातून धावत आली असणार, धापा टाकते आहे.
आवाज नाही. पण माझे ओठ मला वाचता येतात :
मुरिया?
ती मान हलवते. पुन्हा हलवते.
मागे बाबांचा भोंगा अर्धा वर गेलेला.

हे मला आठवत नाही.
काहीच आठवत नाही.
त्याच रात्री बहुधा
तिनं स्वतःलाच कात्री लावली
आणि टाकून मात्र दिलं नाही.

परवा उद्घाटन. मधली भिंत तिला दिली आहे.
ऐंशीतले सत्तेचाळीस शब्द झालेत,
त्यातले दहा उद्या खोडेन.
छापखान्यातून गिगो फोनवर विचारतो,
दिग्दर्शक म्हणून कुणाचं नाव टाकू?
मी म्हणते, थांब जरा,
आधी कुत्र्याचं नाव नीट लिहून घे.